तीन नंबरचं पेन

आधी मला वाटलं, ही ती जागा नाहीच.

शुक्रवार होता, सुट्टी. इथे बहरीनमध्ये, तुबलीला मुझम्मिलच्या गॅरेजमध्ये माझी जुनी गाडी दुरुस्तीला टाकली होती, ती आणायला गेलो होतो. मुझम्मिल रत्नागिरीकडचा, माझ्याच वयाचा. बॉनेटमध्ये डोकं घालून बडबडत होता. मधेच पायाखालची फरशी हादरली. मग परत एकदा.

"हे काय रे?"

"डंपर. परवापास्नं चालूय. खाडी भरतायत. सकाळी पुसलेली गाडी दुपारी मालकाला ओळखू येत नाही, एवढी धूळ."

मी गॅरेजच्या मागे गेलो. मागे नुसतं पत्र्याचं कुंपण आणि पलीकडे खाडी. पत्र्याच्या फटीतून बघितलं. डंपर मागे सरकला, हौदा वर गेला, वाळू खाली आली. आणि ती वाळू झाडांवर आली. हिरव्या, जिवंत झाडांवर. कमरेएवढी वाळू चढली तरी झाडं उभीच होती. मग बुलडोझर पुढे आला. मोडताना आवाज आला तो लाकडाचा नव्हता. ओल्या भाजीच्या जुड्या मोडाव्यात तसा आला. वर शेकाटे पक्षी ओरडत फिरत होते, शंभरएक असतील, लांब गुलाबी पाय मागे लोंबत.

मला घाम फुटला. कारण ही झाडं मी काढली होती. म्हणजे नकाशावर.

मी ड्राफ्ट्समन आहे. माहूजला आमच्या कन्सल्टंटचं ऑफिस आहे, तिथे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतो. कॉम्प्युटरचा कोर्स-बिर्स काही केलेला नाही. भुसावळला आयटीआय, मग इथे येऊन रिकाम्या वेळात कॉम्प्युटरशी झटापट करून शिकलो. खाडीच्या काठी वर्कशॉपसाठी नवीन प्लॉट आणि त्यांना जोडणारा रस्ता, हे काम आमच्याकडे होतं. खाडी दोन वर्षांपूर्वीच राखीव झाली होती. त्यामुळे परवानगीत अट होती : झाडांचा हा पट्टा आणि त्याभोवती दहा मीटर, याला हात लावायचा नाही. भराव टाकायचा तो त्याच्या अलीकडे.

हा पट्टा मोजला डॉक्टर झोहरा यांनी. बहरीनच्याच, खाडीतल्या झाडापक्ष्यांच्या अभ्यासक, पन्नाशीच्या बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मार्चमध्ये त्यांच्यासोबत टेप धरायला मी गेलो होतो. चिखलात माझा बूट अडकला, पाय एकटाच बाहेर आला. बाई हसल्या नाहीत. बोट ओठावर ठेवलं आणि खाली दाखवलं. माझ्या पायापासून वीतभरावर चिखलात चार अंडी. मातकट, काळे ठिपके. शेकाट्याची. हा पक्षी मला माहीत होता, भुसावळजवळ हतनूरच्या धरणावर आमचे बाबा दाखवायचे. इथे इतक्या लांब तोच पक्षी बघून मी येड्यासारखा खूश झालो. बाईंनी त्रेसष्ट घरटी मोजली. मुळांमध्ये बोटाच्या पेराएवढी कोलंबी दाखवली, म्हणाल्या, बाजारात जी विकत घेतोस ती इथे मोठी होते.

आणि आता बुलडोझर.

मी पत्र्याला वळसा घालून साइटवर पळालो. मुझम्मिल मागून ओरडला, "अरे, चावी!" तिकडे लक्षच नव्हतं.

फोरमन बाळाजी, आंध्रचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी त्याचा हातच धरला.

"रोको! ये जंगल नहीं तोड़ना था!"

"कौन सा जंगल?" त्यानं विचारलं. चिडवत नव्हता, खरंच विचारत होता. पिकअपमधून ड्रॉइंग काढलं, बॉनेटवर पसरलं, कोपऱ्यावर पाण्याची बाटली ठेवली. "दिखाओ. किधर है जंगल?"

मी बोट ठेवायला गेलो आणि बोट तसंच हवेत राहिलं. कागद पांढरा होता. खाडीचा काठ होता, रस्ता होता, प्लॉट होते, भरावाची बाहेरची हद्द होती. पट्ट्याच्या जागी काही नव्हतं. खाली चौकटीत 'ड्रॉन बाय'समोर माझी अक्षरं. 'चेक्ड बाय'समोर ऑफिसात माझं काम तपासणाऱ्या रहिमतुल्ला चाचांची सही. वर सरकारी खात्याचा मंजुरीचा गोल शिक्का.

"हे कधीपर्यंत चालणार?" मी मराठीतच विचारलं, मग हिंदीत.

"आधा हो गया. बाकी आज सूरज डूबने से पहले खलास."

"बंद करो. गलती है, मैंने ही बनाया है ये ड्रॉइंग."

"मुंह से काम बंद नहीं होता, भाई. नया रिव्हिजन लाओ. नंबर इससे बड़ा, चेक किया हुआ, साइन किया हुआ. पांच मिनट में बंद करता हूं. मेरा क्या जाता है?" मग माझ्याकडे बघून जरा मऊ झाला. "पानी पियो. गिर जाओगे."

हा नियम मला माहीत होता. साइटवर कागदाशिवाय कोणाचं ऐकत नाहीत, आणि नवा कागद आला की जुना आपोआप रद्द. मी घड्याळ बघितलं. एक वाजून दहा. दोन डंपरमध्ये चार मिनिटांचं अंतर.

मुझम्मिलकडून चावी घेतली, गाडी तशीच घेऊन निघालो. क्लच लागत नव्हता. आणि सगळं आठवत होतं.

आमच्या प्लॉटरमध्ये, म्हणजे ड्रॉइंग छापायच्या मशीनमध्ये, आठ पेनं असतात. स्क्रीनवर जो रंग, त्या नंबरचं पेन. हिरवा म्हणजे तीन नंबर. एसीच्या हवेत तीन नंबरचं पेन कधीच सुकून गेलेलं. नवीन दुबईहून मागवावं लागतं, कोणी मागवलं नाही. कारण आमच्या ऑफिसात हिरवं म्हणजे शोभेचं. बंगल्यापुढचं लॉन, कंपाउंडच्या कडेची झाडं, पार्किंगमधली कुंडी. क्लायंटला दाखवायला घालायचं, खात्यात द्यायच्या प्रिंटमध्ये आलं नाही तरी कोणी विचारत नाही. चाचा नेहमी म्हणायचे, "हिरव्यापायी कोणाची बिल्डिंग पडली नाय अजून."

मी डॉक्टरबाईंचा पट्टा हिरव्यात काढला. झाडं आहेत, हिरवीच काढणार ना.

आणि खोटं कशाला बोलू, प्रिंट निघाली तेव्हा मी बघितलं होतं. पट्टा आला नव्हता. गुरुवार होता, अर्धा दिवस, एक वाजता खातं बंद होणार होतं. मी मनात म्हटलं, बाईंच्या रिपोर्टात आहेच की. रिपोर्ट वेगळ्या फाइलमध्ये जातो, वेगळ्या टेबलावर जातो, हेही मला माहीत होतं. चाचांनी घाईत सही केली. झालं.

चाचांचा फ्लॅट माहूजलाच, ऑफिसपासून दोन गल्ल्या. जुम्म्याच्या नमाजाहून ते नुकतेच आले होते, ताटावर बसत होते. एकोणीस वर्षं बहरीनमध्ये. बायको महमुदा चाची, मुलगी इक्रा बारावीला. मला बघून चाचा खुशीत आले.

"या! शुक्रवारी पण तोंड दाखवायचां सोडणार नाय ह्यो. महमुदा, ताट घाल, तुझा भुसावळचा लेक आला. तांदळाची भाकरी आहे, कोलंबीचं कालवण आहे. बस."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पेन, गुरुवार, डंपर, सगळं. पांढरा कागद आणि खाली दोघांची नावं.

चाचांचा हात भाकरीवर होता तो तिथेच थांबला.

"थांब. तिथं तिवर होते?"

"तिवर म्हणजे?"

"अरे म्हणजे तेच! खाऱ्या पाण्यात उभं ऱ्हातं ते झाड. आमच्या जैतापूरच्या खाडीत सगळीकडं तेच. मी लहानपणी त्यातच मासे पकडले." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी सही केली त्या ड्रॉइंगात तिवर होते? मला दिसलेच नाय रे."

"छापलेच नव्हते, चाचा."

ते उठले, हात धुतले. ताट तसंच राहिलं. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. त्यांनी फोन ओढला आणि वली साहेबांना लावला. वली साहेब आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, हैदराबादचे, गोड बोलणारे. चाचांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"रहिमत भाई, जुम्मे के दिन क्यों परेशान होते? मंजूर ड्रॉइंग है. हरा किसने देखा? सबने सफेद देखा, सबने साइन किया. खाते ने भी. अब आप हरा दिखाओगे तो सबके सब फंसेंगे. कल ऑफिस में बैठ के बात करेंगे, इंशाल्ला."

"साब, कल तक कुछ नहीं बचेगा."

"तो फिर बात करने को भी कुछ नहीं बचेगा ना," वली साहेब म्हणाले. आणि हसले. खरंच हसले. "और आपका व्हिसा रिन्यू का कागज मेरे ही टेबल पे है, याद है ना? खाना खाओ आराम से."

फोन बंद झाला. मला याच वली साहेबांच्या घरी ईदला खीर खाल्लेली आठवत होती.

इक्रा दारात उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. "अब्बू, दे विल कॅन्सल युवर व्हिसा. माय बोर्ड एक्झाम्स..."

"चाचा, तुम्ही नका येऊ," मी म्हटलं. "मीच तुमची सही..."

"काय करशील? माझी सही मारशील?" आता मात्र ते भडकले. "एक घोटाळा केलास तो कमी पडला? महमुदा, ऑफिसची चावी दे."

चाचीनं चावी दिली. एवढंच म्हणाली, "कालवण झाकून ठेवते."

निघायच्या आधी मी तिथूनच डॉक्टर झोहरांना फोन केला. इंग्रजीत सांगितलं, बाई, ते पट्टा बुजवतायत. त्या म्हणाल्या, "कोणता पट्टा?" मी म्हटलं, आपला. त्यांनी फोन ठेवला.

दोन वाजता ऑफिसात पोचलो. मी कॉम्प्युटर चालू केला, फाइल उघडली, हिरव्या पट्ट्याचा रंग बदलून पांढरा केला. स्क्रीनवर पांढरा म्हणजे कागदावर काळं पेन, सगळ्यात जाड. नवा रिव्हिजन नंबर टाकला, पट्ट्याभोवती ढगासारखी रेघ, आत मोठ्या अक्षरात 'होल्ड', म्हणजे इथलं काम थांबवा. वीस मिनिटांत प्रिंट बाहेर. मी पेन चाचांच्या हातात दिलं.

त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"बाईंचा मूळ कागद काढ."

"कशाला?"

"चेक करायचांय. चौकटीत काय लिवलंय? चेक्ड बाय."

"चाचा, दर चार मिनिटाला डंपर खाली होतोय! तुम्ही ऱ्हाऊ द्या ना!"

"गेल्या टायमाला असंच म्हणालास. 'चाचा, एक वाजतोय.' गप बस आणि आकडे वाच."

मी बाईंचा कागद काढला. पेन्सिलीनं काढलेला नकाशा, बाजूला बावीस टोकांचे आकडे. मी वाचत गेलो, चाचा स्क्रीनवर एकेक टोक तपासत, कागदावर टिक करत गेले. चष्मा पुसत. मी रडकुंडीला आलो होतो. मनात मोजत होतो : हा एक डंपर. हा दुसरा. मी आकडे भराभर वाचायला लागलो की ते म्हणायचे, "सावकाश." सहावा डंपर. सातवा.

चौदाव्या टोकाला त्यांची पेन्सिल थांबली.

"परत वाच."

वाचलं. शेवटचे आकडे अठ्ठेचाळीस.

"हितं चौऱ्याऐंशी आहे."

मी स्क्रीनवर बघितलं. चौऱ्याऐंशी. पुढचं टोकही तसंच, त्याच्या पुढचंही. मार्चमध्ये टाइप करताना मी उलटे टाकले होते आणि पुढची दोन त्याच्या हिशेबानं ओढली होती. पट्ट्याची दक्षिणेची अख्खी बाजू छत्तीस मीटर आत सरकली होती. ती घरट्यांची बाजू. जिथे माझा बूट अडकला होता ती.

एक वाजल्यापासून मी पेनाला शिव्या घालत होतो. पेन ओलं असतं, पट्टा छान हिरवागार छापून आला असता, चाचांनी सही केली असती, खात्यानं शिक्का मारला असता, आणि डंपर तरीही त्या अंड्यांवरच आले असते. माझ्या रेघेप्रमाणे. एकदम कायदेशीर.

"चाचा, हे मी..."

"दिसतंय मला कोणी केलं ते. सुधार."

सुधारलं. उरलेली टोकं तपासली. परत प्रिंट. चाचांनी खाली सही केली, तारीख घातली, आणि कधी घालत नाहीत ती वेळही घातली : तीन वाजून पस्तीस. सही नेहमीसारखीच आली.

जाताना गाडीत बोलले फक्त एकदा. "वलीला उद्या मी सांगेन. तू मधे तोंड घालू नको."

"चूक माझी आहे."

"तुझी आहेच. पन सही माझी आहे."

साइटवर पोचलो तर डॉक्टर झोहरा आधीच आल्या होत्या. रबरी बूट, अबाया वर खोचलेला. त्या बुलडोझरच्या समोर उभ्या होत्या आणि बाळाजी त्यांच्या समोर हात जोडून उभा होता. "मॅडम, प्लीज. ड्रायव्हर गरीब आदमी है, मॅडम." मागे सात डंपर रांगेत, इंजिनं चालू. एक ड्रायव्हर उतरून शेंगा खात होता.

चाचांनी ड्रॉइंग बॉनेटवर पसरलं. बाळाजीनं नंबर बघितला, सही बघितली, तारीख बघितली. वेळ बघितली तेव्हा त्यानं स्वतःचं घड्याळ बघितलं. ड्रॉइंग मिळाल्याच्या पावतीवर सही केली. मग तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली आणि हातानं कापल्याची खूण केली.

इंजिनं एकेक करून बंद झाली. एवढा वेळ त्या आवाजात पक्ष्यांचं ओरडणं दबलं होतं. ते आता सगळं एकदम अंगावर आलं.

"कल सुबह तक," बाळाजी म्हणाला. "उसके बाद ऑफिस से क्या आएगा, मैं नहीं जानता."

"कल सुबह ये खाते में जाएगा," चाचा म्हणाले. "मैं खुद लेके जाऊंगा."

डॉक्टरबाई चिखलात उतरल्या होत्या. उरलेल्या पट्ट्याच्या कडेनं वाकून चालत होत्या, माझ्याकडे न बघता. मीही उतरलो. बूट काढून, पॅन्ट दुमडून. बरंच अंतर ठेवून मागे चालत राहिलो. त्या थांबल्या की मी थांबायचो.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. चाचांच्या हातातलं ड्रॉइंग त्यांनी घेतलं, उन्हात धरलं, दक्षिणेच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही लाइन बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कोणी काढली?"

"मी."

"आणि यांच्याकडे आधी होतं ते?"

"तेही मीच."

त्यांनी ड्रॉइंग माझ्या हातात ठेवलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात एक शेकाट्या खाली उतरला. पट्ट्यात नाही. भरावावर, नुकत्या ओतलेल्या कोरड्या वाळूवर. लांब पायांनी दोन पावलं चालला, मान वळवून इकडे तिकडे बघितलं, चोचीनं वाळू जरा सारली. आणि पाय दुमडून बसला. अंड्यांवर बसतात तसा. मग दुसरा उतरला, त्याच्यापासून चारेक मीटरवर. तोही बसला.

"तिथे खाली..." मी म्हणालो.

"हो," बाई म्हणाल्या.

चाचांनी तोंड फिरवलं. रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले, बराच वेळ पुसत राहिले. शेंगा खाणारा ड्रायव्हर खायचा थांबून त्या पक्ष्यांकडे बघत होता.

"सतरा," बाई म्हणाल्या. "सतरा घरटी उरलीत. कागदावर लिही."

मी चाचांकडे बघितलं. चाचांनी खिशातलं पेन दिलं. मी गुडघ्यावर ड्रॉइंग ठेवलं आणि 'होल्ड'च्या खाली लिहिलं : घरटी सतरा, मार्चमध्ये त्रेसष्ट. बाईंनी वाचलं. मग त्यांनी खाली स्वतःची सही केली आणि उद्या सकाळी सात वाजता खात्याच्या दारात भेटायचं ठरलं. तिघांनी.